साळूची जागा

बोरदरा
सोमवार, २३ नोव्हेंबर १९७०

मग गुरुजींनी तिचा दुसरा हात धरला आणि आम्ही दोघांनी ओढलं. साळू उंबऱ्याच्या आत आली, पण खाली बसली नाही. ती माझ्या मनगटाला चावली. गुरुजींनी तिला सोडलं.

रतनआक्का, हे मी मधूनच सांगते आहे, कारण त्याच्या आधी काय बिघडलं ते मला ठाऊक नाही. सकाळी साळू नीट होती. तिनं भाकरी खाल्ली. रस्त्यानं माझ्या पुढे चालली, तुझ्या पुढे चालायची तशी. शाळेच्या दारात आली, आत पाहिलं आणि पाय रोवून उभी राहिली. मी म्हणाले, चल. ती म्हणाली, चल. पण हलली नाही. पोरं प्रार्थनेला उभी होती. गुरुजी म्हणाले, "भागू, बहिणीला आत घे." मग मी ओढलं.

चावल्याचं मोठं काही नाही. आईनं हळद लावली. आण्णांना आणि मोठ्या आईला सांगू नकोस. त्यांनी लेकीला आमच्या घरी ठेवलं ते माझ्या भरवशावर, आणि तुमचा ट्रक जाऊन अजून रस्त्यावरची चाकोरीसुद्धा बुजली नाही.

बाकी ती बरी आहे. दुपारनंतर आपोआप खाली बसली आणि शाळा सुटेपर्यंत नखानं जमीन उकरत राहिली. गुरुजी म्हणाले, "जमीन खराब करू नकोस." ती म्हणाली, "जमीन खराब करू नकोस," अगदी त्यांच्याच आवाजात. वर्ग हसला. हे गुरुजी नवे आहेत, दिवाळीनंतर आले, संगमनेरकडचे, वाकचौरे आडनावाचे. त्यांना वाटलं ती वेडावते आहे. मी सांगायला उठले होते की ती सगळ्यांचंच बोलणं असं परत देते. पण मनगट लपवलं होतं, म्हणून परत बसले.

तू जाताना माझ्याशी बोलली नाहीस. ट्रकमध्ये पाठ करून बसलीस. तुझी सातवी राहिली आणि माझी शाळा चालू आहे, याचा तुला राग असेल तर तो असू दे. मोठी आई म्हणाली की उसाच्या मोळ्या बांधायला हात पाहिजेत. तिथं मी काय बोलणार होते?

सहादेव मुकादमांची टोळी असं लिहून कारखान्याच्या पत्त्यावर टाकलं की पत्र पोचतं, असं दादा म्हणतात. पोचलं तर कळव.

भागू


बोरदरा
मंगळवार, ८ डिसेंबर १९७०

तुझं उत्तर आलं नाही. मी तरी लिहिते.

साळू बरी आहे असं मी लिहिलं होतं. काही दिवस ती बरी असते. काही दिवस दारातच थांबते आणि मग आम्ही तिला आत घेतो. कसं घेतो ते लिहीत नाही.

हजेरीचं सांगते. एका खोलीत चार इयत्ता असल्यामुळे इतकी वर्षं तू तिच्या मागे बसायचीस आणि तिच्या नावाला 'हजर' म्हणायचीस. आम्हाला वाटायचं, ती म्हणते. आता गुरुजी म्हणतात, "साळू सूर्यभान ढाकणे." ती म्हणते, "साळू सूर्यभान ढाकणे." गुरुजी चष्म्यावरून बघतात आणि पुन्हा म्हणतात. तीही पुन्हा म्हणते. गोरक्ष म्हणाला, "गुर्जी, ही पोरगी न्हाई, हिर हाय. वरून हाक मारली की तीच भाईर येती." सगळे हसले. मीही हसले, कारण ते तसं आहे.

पण त्याच गोरक्षनं दोन-चार दिवसांनी आणखी एक सांगितलं. तो तिच्या पुढेच बसतो. म्हणाला, "ती म्हनती हजर. तुमी मच्छिंद्रचं नाव घेता ना, तवा म्हनती, हळू. तवर तुमी पुढं गेल्ता." गुरुजी म्हणाले, "हजेरी वेळेवर द्यायची असते." गोरक्ष म्हणाला, "तिची येळ तीच हाय गुर्जी." गुरुजींनी त्याला खाली बसवलं.

पुढचं तुला लिहायचं नव्हतं. काल संध्याकाळी गुरुजी घरी आले. आईनं घोंगडी टाकली, चहा ठेवला. ते दादांना म्हणाले, "गहिनीनाथराव, चार इयत्ता आणि मी एकटा. एका मुलीला धरून बसलो तर बाकीच्यांचं काय करू? संक्रांतीनंतर मुकादम माणसं न्यायला येतात म्हणे. त्यांच्याबरोबर हिला आईबापांकडे पाठवा. मूल आईजवळ बरं असतं."

दादा चिलीम शोधत राहिले. मग म्हणाले, "गुर्जी, तिकडं पोरगी दोरीला ऱ्हाती."

गुरुजींना कळलं नाही. मग दादांनी मागच्या हंगामातलं सांगितलं. साळू तळावरून कॅनॉलच्या कडेनं चालत गेली ते, पार दुसऱ्या गावात सापडली ते, आणि त्यानंतर सगळे फडात जाताना मोठी आई तिला पाचटाच्या कोपीच्या मधल्या खांबाला, त्या मेढीला, कमरेला दोरी लावून बांधायची ते. "माझ्या वयनीची चूक न्हाई," दादा म्हणाले. "तिनं काय करावं? कॅनॉल वाहता हाय. कोयता तर थांबत न्हाई."

गुरुजींनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "ठीक आहे. मुकादम येईपर्यंत बघू. तोवर ती इतरांसारखी येऊन बसायला लागली तर राहील. नाही तर मला दुसरा मार्ग दिसत नाही."

साळू तेव्हा चुलीजवळ लसणाच्या पाकळ्या सोलत होती. गुरुजी उठल्यावर म्हणाली, "मला दुसरा मार्ग दिसत नाही." गुरुजी दारात क्षणभर थांबले आणि गेले.

तू सोडून दोरीचं आणखी कुणाला एवढं ठाऊक आहे? म्हणून लिहिलं.

भागू


बोरदरा
मंगळवार, २२ डिसेंबर १९७०

मला एक सापडलं. ती फक्त सोमवारी अडते.

हे मला आधी कळायला हवं होतं. काल सकाळी ती दारात अडली. मागच्या सोमवारी तेच, आणि मंगळवारी काही नाही. सोमवारी वेगळं काय असतं? प्रार्थना तीच, गुरुजी तेच. मग लक्षात आलं, शनिवारी आपण शाळा सारवतो. मुलं शेण-पाणी आणतात आणि मुली सारवतात. सोमवारी जमीन नवी असते.

आम्हाला जमीन नवी काय आणि जुनी काय. आम्ही बारदानावर बसतो. साळू बारदानावर बसत नाही, तिला ते सोसत नाही, हे तुला माहीतच आहे. ती उघड्या जमिनीवर बसते. म्हणून काल मधल्या सुट्टीत मी तिच्या जागेवर बसून पाहिलं, बारदानाशिवाय. काड्या टोचतात, आक्का. शेणात कडब्याचा भुसा असतो, तो वाळला की उभा राहतो. ती सोमवारी दिवसभर नखानं जमीन उकरत नाही. ती काड्या काढते. मंगळवारपर्यंत तिची जागा साफ होते.

मी हे बायडाला सांगितलं, कारण सारवणाचं सगळं बायडा ठरवते. ती म्हणाली, "आता शेन चाळून आनू का तुझ्या महाराणीसाठी?" मी म्हणाले, नको, तिच्या जागेपुरतं मी करते. मागच्या शनिवारी मी ती जागा केलीही होती, तेव्हा काड्यांचं ठाऊक नव्हतं, फक्त वाटलं होतं की तुझ्यासारखा हात फिरवला तर चालेल. लांब हात मारून पाहिले. दगडा म्हणाली, रतनचा हात गोल होता, म्हणून पुसून गोल मारले. बायडा कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "सारवती का रांगोळी काढती?" सोमवारी साळू दारातच राहिली.

पण तू होतीस तेव्हा सोमवारी असं कधी झालं नाही. तेव्हाही शेण तेच होतं. तू तिची जागा कशी करायचीस? काड्या काढून टाकायचीस का? पातळ करायचीस का? एवढंच कळव. दुसरं काही लिहायचं नसेल तर लिहू नकोस.

शेतातली ज्वारी निसवली आहे. दादा म्हणतात, यंदा हुरडा होईल. साळू धाट हातात धरून पानाची कड गालावरून फिरवते. टोचत नाही का, विचारलं तर म्हणाली, "टोचत नाही का." थोड्या वेळानं म्हणाली, "नाही." गोरक्षचं खरं आहे. थांबलं की येतं.

भागू


बोरदरा
सोमवार, ११ जानेवारी १९७१

तुझं पत्र गुरुवारी आलं. चारच ओळी आहेत, पण मी त्या बऱ्याच वेळा वाचल्या. 'मी काही करत नव्हते. ती तिची जागा स्वतः सारवायची, तुम्ही आडावर हात धुवायला गेलात की. मी दारात उभी राहायचे, कुणी बघू नये म्हणून. तुम्ही बघितलं असतं तर हसला असतात. तू हसली असतीस का ते मला माहीत नाही.'

मलाही माहीत नाही.

शनिवारी मी सगळ्यांना आडाकडे जाऊ दिलं आणि घमेल्यात थोडं शेण ठेवून साळूला म्हणाले, तुझी जागा. ती हलली नाही. दाराकडे बघून म्हणाली, "रतन दारात." मला आधी कळलं नाही. मग मी दारात जाऊन उभी राहिले, बाहेर तोंड करून, तू उभी राहायचीस तशी. मागे पाणी ओतल्याचा आवाज आला.

मी वळून पाहिलं. पाहायला नको होतं, पण पाहिलं. ती शेणाचा एकेक गोळा हातात घेते, फोडते, त्यातल्या काड्या वेचून बाजूला ठेवते. मग तो जमिनीवर दाबते. ओलं हाताला लागलेलं तिला आवडत नाही, तोंड वाकडं करते, दरवेळी बोटं धुते आणि पुन्हा हात घालते. आपल्यासारखा हात फिरवत नाही. नुसती दाबत जाते. इतर मुली आडावरून परत आल्या तरी तिचं संपलं नव्हतं. मी त्यांना दारात अडवलं. बायडा माझ्या खांद्यावरून आत डोकावली.

हसली नाही. म्हणाली, "ह्या जिमिनीवर म्हस बसल्यावानी दिसतंय."

ते खरं आहे. साळूची जागा चांगली दिसत नाही. जाड आहे, उंचसखल आहे, बाकी जमिनीतून वर आली आहे. पण हात फिरवला तर एक काडी लागत नाही. बायडानंही फिरवून पाहिला. मग म्हणाली, "लई टाइम लावती बया."

आज सोमवार. साळू माझ्या पुढे चालत आली, दारातून आत गेली आणि बसली. प्रार्थना झाल्यावर गुरुजींनी हजेरी घेतली. तिचं नाव घेतलं, तिनं ते परत दिलं. गुरुजींनी टाक उचलून धरला आणि पुढचं नाव घेतलं नाही. वर्गही थांबला. मच्छिंद्र उगाच खोकला, तर गोरक्षनं त्याला कोपर मारलं. मग ती म्हणाली, "हजर." गुरुजींनी लिहिलं आणि मच्छिंद्रचं नाव घेतलं.

तू दारात उभी राहायचीस म्हणून आम्हाला कधी काही कळलं नाही. तुला बोल लावण्यासाठी हे लिहीत नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही दारच अडवलं असतं.

आता एकच आहे. पुढच्या सोमवारी शाळा तपासायला साहेब येणार आहेत. गावात त्यांना दिपोटी म्हणतात. गुरुजींची ही पहिलीच तपासणी. ते दोन दिवस भिंतीचे कोपरे झाडत आहेत. आणि सहादेव मुकादम संक्रांत झाली की येतात.

आईनं तुझ्यासाठी तीळ ठेवले आहेत. मुकादमांबरोबर पाठवते.

भागू


बोरदरा
सोमवार, १८ जानेवारी १९७१

मुकादम काल आले. ट्रक उद्या सकाळी निघतो, तेव्हा हे पत्र त्यांच्याच हाती देईन. आजचं सगळं क्रमानं सांगते.

शनिवारी आम्ही शाळा सारवली. साळूनं तिची जागा केली. दारात मी उभी होते. गुरुजी जमीन बघायला आले. सगळीकडे बघितलं आणि साळूच्या जागेजवळ थांबले. मग बाहेर गेले. मला वाटलं, निभावलं.

काल संध्याकाळी ते बायडाच्या घरी गेले आणि तेवढी जागा सपाट करून घे असं तिला म्हणाले. हे मला आज सकाळी कळलं, दारात साळू थांबली तेव्हा. आत सगळी जमीन एकसारखी होती. बायडाचा हात लांब आणि सरळ आहे, तो साळूच्या जागेवरूनही गेला होता.

साळू उंबऱ्यावर उकिडवी बसली, कानांवर हात ठेवले आणि पुढे-मागे डुलायला लागली. "काड्या," म्हणाली. "काड्या, काड्या." मी तिला ओढलं नाही. तेवढ्यात साहेब आले. ठेंगणे आहेत, हातात छत्री, धोतराला रस्त्याची धूळ. ते साळूच्या बाजूनं आत आले आणि खुर्चीवर बसले. चौथीला धडा वाचायला लावला. पण त्यांचं लक्ष दाराकडे होतं.

"ही मुलगी बाहेर का?"

गुरुजींनी खडू उचलला. बाहेर लिंबाखाली मुकादम बसले होते. दादांनी त्यांना सांगितलं होतं की दुपारपर्यंत थांबा, मग काय ते सांगतो. ते तिथूनच म्हणाले, "सायेब, ती माझ्यासंगं जायाची हाय. तिचं मनावर घिऊ नगा." आणि उठून दाराशी आले. माणूस वाईट नाही. साळूजवळ वाकून म्हणाले, "काय गं साळे, येती ना? तुझी आय वाट बघती." साळू म्हणाली, "तुझी आय वाट बघती," आणि आणखी जोरात डुलायला लागली.

आक्का, मला ती मेढ दिसत होती. मी ती कधी पाहिलेली नाही.

बायडा उठली. "गुर्जी, जरा भाईर जाते."

"आत्ता?"

"व्हय."

ती साळूला ओलांडून गेली. शाळेच्या मागे कालचं शेण घमेल्यात राहिलं होतं, ते वाळून कडक झालं होतं. बायडानं पिण्याच्या रांजणातून तांब्या भरला आणि त्यात ओतला. मी खिडकीतून बघत होते. वर्गातल्या सगळ्यांनी पाहिलं. तो रांजण भरायला कोण किती लांबून पाणी आणतं ते आम्हाला माहीत आहे. तिनं घमेलं आणून साळूच्या पुढ्यात ठेवलं. म्हणाली, "घे. कर तुझं म्हशीवानी."

साहेबांनी छत्री भिंतीला टेकवली. "हे काय चाललंय गुरुजी?"

गुरुजी खडू बोटांत फिरवत होते. ते साळूकडे बघत होते, साहेबांकडे नाही. म्हणाले, "साहेब, ती तिची जागा सारवणार आहे. दुसऱ्यानं केलेल्या जमिनीवर तिला बसवत नाही. ती काड्या काढून करते. शनिवारी केली होती. मी काल मोडून घेतली."

"का?"

"आपण येणार म्हणून."

साहेबांनी घमेल्याकडे पाहिलं. "आत्ताच करायला हवी?"

"हो. मग ती बसेल."

साळूनं घमेलं उचललं नाही. आत बघून म्हणाली, "रतन दारात." मी उठायला लागले, पण मी भिंतीकडे होते आणि दगडा दाराजवळ. दगडाला मी हे कधी सांगितलं नव्हतं. तिनं शनिवारी बघितलं असेल. ती उठून दारात उभी राहिली, बाहेर तोंड करून, मुकादमांच्या अगदी समोर. मुकादम डोकावायला लागले तर म्हणाली, "मुकादम, तिकडं बघा ना. ट्रककडं बघा." ते खरंच तिकडे बघायला लागले.

साळू आत आली. तिच्या जागेवर उकिडवी बसली आणि पहिला गोळा फोडला.

साहेब म्हणाले, "सतराचा पाढा कोण म्हणेल?"

मच्छिंद्रनं म्हटला. मधे एकदा चुकला. साहेबांनी सहावीला नकाशात प्रवरा दाखवायला लावली, पाचवीला शुद्धलेखन घातलं. मी पाटीवर लिहीत होते आणि मागे तिचं बोटं धुणं ऐकू येत होतं. माझी दोन अक्षरं चुकली. साहेबांनी ती बघितली आणि पाटी परत दिली.

साळूचं झालं तेव्हा जमीन ओली होती, म्हणून ती जागेच्या कडेला उभी राहिली, हात अंगापासून लांब धरून. ती वाळेपर्यंत अशीच उभी राहते. साहेब खुर्चीवरून उठून तिच्याजवळ गेले.

"तुझं नाव काय, बाळ?"

साळू म्हणाली, "तुझं नाव काय, बाळ?"

साहेबांचे कान लाल झाले. गुरुजी पुढे झाले. पण गोरक्ष बसल्या जागेवरून म्हणाला, "सायेब, ती आधी तुमचं तुमाला देती. मंग तिचं येतं. थांबावं लागतं."

"किती थांबावं लागतं?"

"येईस्तवर."

साहेब थांबले. आम्ही सगळे थांबलो. आम्हाला त्याची सवय झाली आहे, त्यांना नव्हती. त्यांनी एकदा घड्याळाकडे हात नेला आणि परत खाली घेतला. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. साळू जमिनीकडे बघत होती. मग तिनं सांगितलं, "साळू सूर्यभान ढाकणे. हजर."

"छान," साहेब म्हणाले. त्यांनी छत्री घेतली, शेरेबुक मागून घेतलं आणि बाहेर ओट्यावर बसून लिहिलं. गेल्यावर गुरुजींनी ते आम्हाला वाचून दाखवलं. मुलांचा पाढा बरा. शुद्धलेखन सुधारावं. वर्गाची जमीन एका ठिकाणी असमान आहे. एवढंच. बायडा म्हणाली, "बघा, मी म्हनत हुते." गुरुजी हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, त्यांचा पुढचा एक दात तुटका आहे.

मुकादम दाराशीच होते. म्हणाले, "मंग गुर्जी, काय ठरलं? उद्या न्यायची का?"

"कुणाला?" गुरुजी म्हणाले.

"साळीला."

गुरुजींनी हजेरीपट उघडला, मुकादमांना वाचता येत नाही तरी त्यांच्यापुढे धरला आणि बोट ठेवलं. "ती शाळेत आहे, मुकादम. तिची परीक्षा एप्रिलमध्ये आहे."

मुकादम म्हणाले, "मला काय, एक मानूस कमी. जागा व्हईल ट्रकात." आणि विडी पेटवून निघाले.

संध्याकाळी मी दादांना सगळं सांगितलं. दादा कडबा तोडत होते. मधेच थांबून म्हणाले, "बायडी कुनाची गं?" मी सांगितलं. म्हणाले, "तिच्या बापाला हुरड्याला बोलवतो." आईनं एवढंच विचारलं की रांजणातलं पाणी पुन्हा कुणी भरलं. ते गोरक्षनं आणि मच्छिंद्रनं भरलं.

गुरुजींनी मला विचारलं, साळू ज्या रतनचं नाव घेते ती कोण. मी सांगितलं. तुझी सातवी राहिली तेही सांगितलं. ते म्हणाले, मे महिन्यात आली तर मला भेटायला सांग. मी काही कबूल केलेलं नाही. तुझं तू बघ.

मोठ्या आईला हे पत्र वाचून दाखव. चावल्याचं पहिलं पत्र अजून ठेवलं असशील तर तेही आता दाखवलंस तरी चालेल.

भागू

मंगळवार सकाळ. ट्रक वेशीत उभा आहे आणि मुकादम पत्रासाठी थांबले आहेत. तीळ आईनं फडक्यात बांधून दिले आहेत. हॉर्न वाजला तेव्हा साळूनं कान झाकले, मग उरलेली भाकरी खाल्ली आणि दप्तर घेऊन शाळेला गेली.